घाणीचं विरजण

"आधी नाकवरना पदर काढ, अक्का, मंग बोल. तू काय म्हनी राह्यनी, माले काही समजी नही राह्यनं."

"पदर काढसू तं आठेच वकसू मी!" बेबाअक्का पदराआडूनच ओरडली. "पाच दिनवर कानबाई उनी, आधार. तिले ह्या गूमा बुडावू का? हाऊ बठ्ठा गारा निंघाले पाहिजे. एक घमेलंभी ऱ्हावाले नको."

आधार नाना नाल्याच्या काठावर, काळ्या गाळानं भरलेल्या डोहापाशी उकिडवा बसला होता. मागं त्याच्या सात-आठ शेळ्या बाभळीच्या शेंगा कुरतडत होत्या. त्यानं काठी उचलून डोहाच्या वरच्या अंगाला दाखवली, मग खालच्या अंगाला.

"मी इतलंच सांगस, त्या गाराले हात लावू नका. डोहना वरलं पानी मन्या बकऱ्या पेतस नही. खालनं पेतस. वरलं पिवयं शे, खालनं साफ शे. हाऊ गारा काहीतरी करस."

"काय करस? डास करस! वास मारस! तुले आवडस तं तुना घरमा भर!"

काठावर जमलेली माणसं हसली. सरपंच गिरधरही हसला आणि जेसीबीवाल्याला फोन लावायला बाजूला गेला. भांडण तिथंच मिटलं, म्हणजे आधार नाना गप्प बसला.

बेबाअक्काचं नाक ही भोकरवड्याची पंचाईत होती. शेजारच्या घरात कालचं वरण उतरलं तर त्या घरच्या बाईआधी हिला कळायचं, आणि कळल्यावर ही गप्प बसायची नाही. शेणात पाय पडला तर नुसता पाय धुऊन तिचं भागायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायची. प्यायचं भांडं कुणी धरलं, ओट्यावर कोण टेकलं, ह्यावरही तिचं नाक मुरडायचं, फक्त ते ती मोठ्यानं बोलायची नाही. आधार नाना तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. अख्खा गाव त्याला नाना म्हणायचा, ही मात्र नुसतं 'आधार' म्हणायची. भीमनगरातल्या माणसाला नाना म्हणायला तिची जीभ वळत नव्हती.

तरी काळा डोह घाणेरडा होता हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पारोळ्याकडून येणाऱ्या महामार्गाच्या कडेला नळाच्या तोट्यांना चमक चढवणारा कारखाना होता. त्याचा पाइप नाल्यात सुटायचा आणि त्यातून पिवळं पाणी यायचं. त्याच नाल्यात गावाची गटारं, म्हशींचं शेण, कुजका कडबा. हे सगळं येऊन डोहात साचायचं आणि सडायचं. काजळीसारखा काळा गाळ, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. वर बुडबुडे यायचे आणि फुटले की सडक्या अंड्यांचा वास. डोहाच्या खाली पन्नास पावलांवर बेबाअक्काच्या सासऱ्यानं खणलेली विहीर होती. गावाची टाकी त्या विहिरीवर भरायची आणि ह्याचा तिला फार तोरा होता. कारखाना सुरू झाला तेव्हा मालकानं प्रत्येक घराला एक चकचकीत तोटी फुकट दिली होती. बेबाअक्का ती तोटी रोज राखेनं घासायची.

वासापायी गेली दोन वर्षं श्रावणातली कानबाई देवी विसर्जनाला ट्रॅक्टरमध्ये बसवून बोरी नदीवर न्यावी लागत होती. एवढी नटवलेली, नथ घातलेली, रोटांचा नैवेद्य खाल्लेली माय, आणि ती खताच्या ट्रॉलीतून जायची! हे बेबाअक्काच्या जिवाला फार लागलं होतं. यंदा कानबाई डोक्यावरून नाल्यावरच जाईल, असं तिनं पंचमीलाच जाहीर करून टाकलं होतं.

जेसीबी दोन दिवस चालला. काळ्या गाळाच्या ट्रॉल्यांवर ट्रॉल्या भरल्या. टाकायच्या कुठं? ह्याचा विचार कुणाला करावाच लागला नाही. गावाची घाण ज्या टोकाला जाते त्याच टोकाला भीमनगर, आणि भीमनगरात शेवटचं घर आधार नानाचं.

"त्यानाच दारमा टाका," बेबाअक्का म्हणाली. "त्याले गनज आवडस ना!"

टाकला. घराच्या मागच्या भिंतीला टेकून ढीगच्या ढीग. नाना दारात उभा राहून बघत होता. वाळला की त्याची धूळ उडून पोराबाळांच्या डोळ्यांत जाईल, म्हणून त्यानं ढिगावर जुनी पोती आणि केळीची पानं अंथरली आणि रोज भांड्याधुण्याचं पाणी त्यावर ओतायला लागला. ह्यावरही लोक हसले.

इकडे गिरधरनं ग्रामपंचायतीतली जंतू मारायच्या टीसीएल पावडरची चार पोती आणून खरवडलेल्या नाल्यात मोकळी केली. दोन दिवस नाल्याला दवाखान्यासारखा वास येत होता. बेबाअक्का काठावर गेली, तिनं नाकावरचा पदर काढला आणि छाती भरून श्वास घेतला.

सोमवारी कानबाई डोक्यावरून गेली. पुढं डफ, मागं बायकांच्या फुगड्या. चौरंग बेबाअक्काच्या डोक्यावर होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं मायेला न्हाऊ घातलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण देवीसाठी काहीतरी केलं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

गुरुवारी सकाळी चकचकीत तोटीतून पिवळं पाणी आलं.

गढूळ नव्हतं. स्वच्छ, आरपार दिसणारं, आणि पिवळं. बायका कळश्या घेऊन उभ्या राहिल्या. शेवंताबाईनं ओंजळ भरून उजेडात धरली आणि हात जोडले.

"कानबाईनी हयद उतरनी वं माय! विहीरमा हयद उतरनी!"

झालं. कळश्यांना दोरे बांधले गेले. कुणी ते पाणी देव्हाऱ्यात ठेवलं, कुणी नव्या सुनांच्या अंगाला लावलं. बेबाअक्काची सून भूमिका म्हणाली, "आत्याबाई, जिभेला कसंतरीच लागतंय." तिला गप्प करून बेबाअक्कानं तिलाच त्या पाण्यानं आंघोळ घातली. किळस यायची ती इथं यायला हवी होती. पण पाण्याला वास नव्हता, आणि वास नाही ते स्वच्छ, एवढंच त्या नाकाला ठाऊक होतं.

म्हशीनं मात्र हौदात तोंड घातलं, फुर्र केलं आणि मागं सरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती दावं तोडून डबक्यावर गेली.

आठ दिवसांत भूमिकेच्या बोटांच्या बेचक्यात गोल गोल भोकं पडली. टोच्यानं पाडावीत तशी, खोल, आणि भरून यायचं नाव नाही. शेवंताबाईच्या नाकातून रक्त आलं. गल्लीत जो तो हात खाजवत बसलेला. हळद असं करत नाही, हे आता सगळ्यांना कळत होतं, पण आधी कोण बोलणार?

आधार नाना बोलला नाही. त्यानं नातीला फोन केला. त्याची नात वृषाली जळगावला जिवाणूंचा अभ्यास करत होती. ती आली, विहिरीचं, नाल्याचं आणि पाइपाचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी परत येऊन गिरधरच्या ओट्यासमोर उभी राहिली.

"हे पाणी कुणी प्यायचं नाही, अंगालाही लावायचं नाही. आजपासून टँकर मागवा," ती म्हणाली. "ही हळद नाही, क्रोमियम आहे. तोट्यांना चमक चढवतात त्यातलं उरलेलं. पिवळं असतं तेव्हा ते पाण्यात विरघळून कुठंही जातं. मातीतून झिरपतं, अंगात शिरतं."

"मंग ह्या आधी काब्रं नही उनं?" गिरधरनं विचारलं. "कारखानाले तं चार वरीस व्हयनात."

"काळ्या डोहामुळे. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव होते, घाण खाऊन जगणारे. पिवळं विष त्यांच्यातून गेलं की पालटतं. पाण्यात विरघळेनासं होतं, त्याचा साका होऊन तळाला बसतो. ते नाहीसं होत नाही, पण विहिरीपर्यंत पोचतही नाही. तुम्ही तो गाळ उपसलात, आणि जे थोडे जीव उरले होते त्यांच्यावर टीसीएल टाकलंत."

बेबाअक्काचा हात आपोआप पदराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"म्हंजे मी साफ करं," ती हळूच म्हणाली, "म्हनीसन मनी सूनना हात सडनात?"

वृषालीनं तपासणीचा कागद गिरधरच्या हातात ठेवला. तिचं सौजन्य म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी गिरधर आणि बेबाअक्का कारखान्यात गेले. मॅनेजरच्या खोलीत गारवा होता, फुलांचा वास फवारला होता. त्यानं भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली आणि खिडकीतून पाणी शुद्ध करायचं यंत्रही दाखवलं. यंत्र बंद होतं. त्याच्या दांड्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि जाळ्यात मेलेल्या माश्याही जुन्या होत्या. निघताना मॅनेजरनं दोघांच्या हातात पाण्याची एकेक बंद बाटली ठेवली, वर एकेक नवी तोटी. त्या गोड वासानं बेबाअक्का फाटकाबाहेर येताच ओकली. काळ्या डोहाकाठी उभं राहून ती कितीदा ओकेन म्हणाली होती, पण ओकली कधीच नव्हती.

"आते कसं करानं, पोरी?" तिनं गावात परतून वृषालीला विचारलं.

"प्रदूषण खात्याकडे तक्रार करूच. पण साहेब येईपर्यंत विहीर वाचवायची असेल तर डोह परत लावावा लागेल. तुम्ही दही कसं लावता, अक्का?"

"विरजन घालीसन."

"मग विरजण शोधा. खाली जिवंत काही उरलेलं नाही. तोच जुना गाळ हवा, आणि ओला राहिलेला हवा. वाळला असेल तर उपयोग नाही."

सगळ्या गावाला एकदम कळलं तो कुठं आहे. पोत्यांखाली, केळीच्या पानांखाली, रोज खरकटं पाणी पिऊन तो सुखानं सडत होता.

जायचं कुणी? ज्यानं टाकायला सांगितलं त्यानं. बेबाअक्का भीमनगरात आयुष्यात पहिल्यांदा पायी गेली. आधार नाना अंगणात शेळीच्या खुरातला काटा काढत होता. घराच्या मागून तोच वास येत होता. तिनं पदर नाकाला लावला नाही, पण त्यासाठी दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरावे लागले.

"आधार..." तिनं सुरुवात केली. नानानं मान वर केली नाही. शेळीचा पाय तसाच धरलेला.

"आधार नाना," ती म्हणाली. "गारा पाहिजे व्हता."

"ने ना," नाना म्हणाला. "मना बापना थोडाच शे तो. पन ट्रॅक्टर आठे येवाव नही. ट्रॅक्टर इसनी टाकी गया. आते न्याले मानसं येवाले पाहिजेत. ज्यास्ले हासू उनं, त्यासनी डोकावर न्यावाना."

घासाघीस झाली नाही. घासाघीस करायला तोंड लागतं, आणि ते कुणाला नव्हतं.

वृषालीनं रबरी हातमोजे आणले, ते पुरले नाहीत तेव्हा बाकीच्यांनी हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. "अंगाला लागू देऊ नका," ती बजावत होती. "ह्यात चार वर्षांचं विष बसलंय. वावरात तर एक मूठही जाता कामा नये." भीमनगरपासून डोहापर्यंत रांग लागली. डोक्यावर घमेली, घमेल्यांतून काळं पाणी ठिबकत होतं. बेबाअक्कानं डोक्यावर प्लॅस्टिक घेतलं होतं, तरी पहिल्याच खेपेला एक ओघळ कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथं थांबला. हात घमेल्याला. पुसणार कशानं? बाभळीपाशी तिनं घमेलं उतरवलं आणि ओकली. दुसऱ्या खेपेला पुन्हा ओकली. तिसऱ्या खेपेला पोटात काही उरलं नव्हतं, म्हणून नुसती चालत राहिली. तिच्या अठरा खेपा झाल्या. शेवंताबाईनं त्या मोजल्या होत्या आणि पुढं गावभर सांगितल्या.

डोहाच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचून पाणी अडवलं. एक थर कुजका कडबा, एक थर शेण, वर काळा गाळ, असं भरत गेले. त्या जिवांना खायला गुळाचं पाणी आणि ताक ओतायचं होतं. ताक बेबाअक्काच्या म्हशीचं. ज्या ताकात केस निघाला तर ती हंडा उलथून द्यायची, ते ताक ती रोज सकाळी घाणीत ओतायची आणि मग काठावर वाकून वास घ्यायची.

पहिला आठवडा नुसता गुळा-ताकाचा आंबूस वास. दुसऱ्या आठवड्यात शेणाचा, पण तो साधा शेणाचा. पावसानं एकदा गोण्या फोडल्या, त्या पुन्हा रचल्या. लोक म्हणायला लागले, विरजण लागलं नाही. बेबाअक्का घरी येऊन भूमिकेच्या हातांना मलम लावायची आणि तिच्याकडे बघायची नाही.

एकोणिसाव्या दिवशी ती वाकली आणि ताडकन उभी राहिली. पुन्हा वाकली. मग लुगडं सावरत भीमनगराकडे पळत सुटली.

"नाना! वास उना! सडेल अंडास्ना वास उना!"

नाना काठी न घेताच आला. दोघं काठावर उभी राहिली. गाळातून एक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला. नानानं नाक धरलं आणि हसला.

"उना," तो म्हणाला. "भलताच उना."

विहीर निवळायला पुढं दोन महिने गेले. वृषाली दर पंधरवड्याला बाटल्या भरून न्यायची. दिवाळीनंतर तिनं सांगितलं, आता पाणी वापरा. टँकर बंद झाला. भूमिकेच्या बोटांवर पांढरे वण राहिले.

आणि मग साहेब आला. श्रावणात केलेल्या तक्रारीचा साहेब कार्तिकात. जीपमधून तो उतरला, मागून मॅनेजर उतरला. मॅनेजरचा शर्ट पांढरा होता आणि तो आपला वास बरोबर घेऊन आला होता. साहेबानं डोहाच्या खालच्या अंगाला वाकून बाटली भरली आणि उजेडात धरली. पाणी नितळ होतं.

"बघा," मॅनेजर म्हणाला. "कुठं आहे पिवळं? गावकऱ्यांचा गैरसमज झाला, साहेब. आता हा एवढा काळा गाळ काढायला हवा. किती दुर्गंधी! कंपनी स्वखर्चानं जेसीबी देईल. समाजकार्य म्हणून."

"जेसीबी उना तं त्याना फावडामा बसी जासू मी!" बेबाअक्का पुढं आली. "साहेब, हाई पानी आमनं शे. गुय-ताक घालीसन आम्ही साफ करेल शे. कारखानानं पानी वर शे, पाइपजोडे. ते भरा."

साहेबानं वर पाहिलं. पलीकडून जायचं तर बाभळींतून मोठा वळसा होता. सरळ जायचं तर डोहातून. मग त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं.

"इथलं पुरे," तो म्हणाला.

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. बेबाअक्कानं साहेबाच्या पेटीतली एक रिकामी बाटली उचलली, पदर कमरेला खोचला आणि डोहात उतरली. मोजे नाहीत, पिशव्या नाहीत. मांडीपर्यंत काळा गाळ. वृषाली असती तर ओरडली असती, पण ती जळगावला होती. पाय उपसत, हात टेकत ती पाइपापर्यंत गेली, बाटली भरली आणि तशीच परत आली. तिनं बाटली साहेबासमोर धरली. आत लख्ख पिवळं पाणी, बाहेर पाच बोटांचे काळे ठसे.

साहेबानं हात पुढं केला नाही. एक पाऊल मागं सरून त्यानं खिशातला रुमाल काढला आणि नाकाला लावला.

"मावशी, नमुना आम्हीच घ्यायचा असतो," तो रुमालाआडून म्हणाला. "तुमचा हात लागलेली बाटली चालत नाही."

"हात लागेल चालस नही?"

"नाही चालत."

बेबाअक्का बाटली घेऊन उभी राहिली. ते एक पाऊल मागं सरणं, ते नाकावरचं फडकं, ते तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. पन्नास वर्षं तिनं स्वतः ते केलं होतं. आज ते समोरून बघताना तिला साहेबाचा राग आला, मॅनेजरचा आला, पण सगळ्यांत जास्त किळस आली ती स्वतःची.

जीप धुरळा उडवत निघून गेली. नितळ बाटली आत, रुमालात गुंडाळलेली. पाणी निर्दोष आहे असा कागद येणार, हे सांगायला कुणी शिकलेला लागत नव्हता. पाइपातून पिवळी धार तशीच पडत होती.

"दे आठे, अक्का." आधार नाना शेळ्या सोडून खाली आला होता. त्यानं तिच्या हातातली बरबटलेली बाटली आपल्या उघड्या हातात घेतली. "मना हातले चालस. वृषाली शनवारले यी, ती लई जाई. एक साहेब नही तं दुसरा देखी."

बेबाअक्का काठावर टेकली. बोटांना वास येत होता. आज कितीही धुतलं तरी तो जाणार नव्हता.

"नाना," ती म्हणाली, "उद्या ताक कितलं लागी?"

"दोन हंडा."

तेवढ्यात डोहात बुडबुडा फुटला आणि वाऱ्यानं तो वास सरळ तिच्या तोंडावर आणला. सवयीनं तिचा हात पदर शोधायला गेला. पदर कमरेला खोचलेला होता. तिनं तो तसाच राहू दिला.